"चालायला लागला का?" हा प्रश्न आता पुरे



2025 साली महावीर जयंती 10 एप्रिलला आली. मुलगा, सून आणि चौदा महिन्यांचा नातू पुण्याहून बीडला घरी आले होते. पालखी मंदिरात परतली, आरती झाली, आणि प्रसाद घेता घेता सात जणींनी सुनेला एकच प्रश्न विचारला, "चालायला लागला का?" तिने नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "आमची तर दहाव्या महिन्यात पळत होती." त्या सात जणींत मी नव्हते, कारण मी आदल्याच दिवशी घरी विचारून मोकळी झाले होते. रात्री ओटा पुसता पुसता सून रडली. म्हणून आज लिहिते आहे, आणि जरा कडक लिहिते आहे.

तिच्या मोबाइलमध्ये एक ॲप आहे. या आठवड्यात बाळाने काय करायला हवं, ते दर सोमवारी सांगतं. वर आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात रोज कोणाचं तरी लेकरू पहिलं पाऊल टाकतं. मी बी.कॉम. आहे, दुकानाच्या वह्या वीस वर्षं सांभाळल्या. ताळेबंद वर्षातून एकदा, 31 मार्चला काढतात. दर सोमवारी काढणाऱ्या दुकानदाराला आपण वेडा म्हणू. लेकराचा मात्र काढतो, तोही शेजारच्या दुकानाशी ताडून!

आकडेच हवेत, तर नीट घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या 816 निरोगी मुलांवर अभ्यास केला, तो 2006 मध्ये छापून आला. आधाराशिवाय चालण्याचा काळ निघाला 8.2 ते 17.6 महिने. म्हणजे धडधाकट मुलांमध्येच नऊ महिन्यांहून जास्त फरक! शंभरातली चारेक मुलं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. मग दहाव्या महिन्याचा तोरा कशाला आणि चौदाव्या महिन्याचं रडू कशाला?

या घाईपायी घरात वॉकर आला. नातू त्यात लोंबकळत सुसाट सुटला आणि उंबऱ्यावर आपटून कपाळाला टेंगूळ घेऊन बसला. कॅनडाने अशा वॉकरच्या विक्रीवर 2004 मध्येच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल स्वतः उभं राहतं, स्वतः ढकलतं, थकलं की खाली बसतं.

आता सहलींचं. चार दिवसांत कपिलधार, अंबाजोगाईची लेणी, कुंथलगिरी आणि संभाजीनगरचं वॉटर पार्क असा बेत होता. एप्रिलमधलं बीडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. कपिलधारचा धबधबा पावसाळ्यात बघायचा, चैत्रात तिथे काय ठेवलंय? पण प्रत्येक ठिकाणी बाळाचा नवा ड्रेस आणि फोटो हवा होता. मी तीन ठिकाणं कापली. पहाटे निघून कुंथलगिरीला गेलो. 1955 मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, ते हे क्षेत्र. नातू सावलीत बसून अर्धा तास एकाच मुंगीच्या मागे बोट फिरवत होता. तिला चिरडली नाही. हे कोणत्या सोमवारच्या यादीत बसतं, सांगा.

काही जणी म्हणतील, "लक्ष ठेवायला नको का? दोष वेळेवर कळतो." अगदी बरोबर. दीड वर्ष झालं तरी चालत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, येत असलेली गोष्ट बंद झाली असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे, तीही चुकवू नका. पण डॉक्टरांना विचारणं वेगळं आणि प्रसादाच्या रांगेत आईला विचारणं वेगळं. पहिलं काळजीपोटी असतं, दुसरं आपलं मोठेपण मिरवायला.

सुनांच्या मोबाइलला नावं ठेवणं सोपं आहे. खरं तर ते ॲप येण्याआधी तेच काम आपली जीभ करत होती. माझ्या सासूबाईंनी मला विचारलं, मी सुनेला विचारलं. आपण अपरिग्रह म्हणतो, सोनं मोजून मर्यादा घेतो, आणि नातवंडांची पावलं मात्र तिजोरीत साठवतो. ज्यांची जयंती केली, त्यांचं नावच वर्धमान, म्हणजे वाढत जाणारा. दर आठवड्याला किती वाढायचं, ते त्या नावात नाही.

पुढच्या वेळी तान्ह्याची आई भेटली, तर विचारा, "तू जेवलीस का? झोप होते का?"

आमचा नातू चालायला लागला का? ते मी सांगणार नाही. बोलण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.