नवऱ्याने मारले तर दाद कुठे मागायची?

राजाने लुटले, पावसाने झोडपले आणि नवऱ्याने मारले, तर दाद कुणाकडे मागायची? ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आली आहे. यातल्या राजाकडे दाद मागायला कोरडवाहू कास्तकार केव्हाच शिकला. कापसाचा भाव पाडला की तो रस्त्यावर बसतो. पावसाने दगा दिला की पैसेवारी किती निघाली, पंचनामा कोण करणार, अर्ज कुठे द्यायचा, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. म्हणीतला तिसरा सवाल मात्र जिथल्या तिथे आहे. नवऱ्याने मारले तर जायचे कुठे, हे गावात कुणाला विचारा. विचारणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहतात. हुडकेश्वरच्या बैठकीसाठी निघणाऱ्या या अंकात आम्ही मुद्दाम तोच सवाल घेतला आहे.

काही भाऊ म्हणतील, शेतकऱ्यांच्या पत्रिकेत हा विषय कशाला? आधी कापसाच्या भावाचे बोला. त्यांना आमचे सांगणे असे, की कापसाचा भाव आणि बाईच्या अंगावरचा वळ या दोन गोष्टी एकाच घरात राहतात. सरकी टोबायची बाईने, निंदण करायचे बाईने, वेचणीला वाकायचे बाईने, ज्वारीची कणसे खुडायची बाईने. माल बाजारात गेला की चुकारा मात्र मोजणार नवरा. भाव पडला तर त्याची चीड व्यापाऱ्यावर, सरकारवर निघायला हवी. ती निघते घरात. लुटीचा हिशेब मागायची हिंमत बाजारात होत नाही म्हणून तो बायकोकडून वसूल करायचा, याला मर्दानगी म्हणत नाहीत. १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले, तेव्हाच शेतकरी चळवळीने मान्य केले की उंबऱ्याच्या आतला प्रश्न हाही चळवळीचाच प्रश्न आहे. त्याला चाळीस वर्षे होत आली. हिशेब तपासायला हरकत नाही.

मुकी राहणारी घरे

२०१९ ते २०२१ या काळात सरकारने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली. देशातल्या लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या बायांपैकी शंभरातल्या २९ जणींनी नवऱ्याचा मार किंवा छळ सोसल्याचे सांगितले. पण आम्हांला याहून मोठा वाटतो तो दुसरा आकडा. मार किंवा अत्याचार सोसलेल्या शंभर बायांपैकी फक्त १४ जणींनी कुणाची मदत मागितली. ७७ जणींनी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही.

या ७७ जणी गप्प का? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे एक कारण. माहेरची परिस्थिती बेताची, भावाच्या दारात पोरांना घेऊन किती दिवस राहणार, हे दुसरे. तिसरे कारण साधे आहे, आणि ते दूर करणे आपल्या हातात आहे. कुठे जायचे तेच ठाऊक नसते. दवाखान्यात नेले तरी बाई सांगते, विहिरीवर पाय घसरला. सोबत आलेली सासू मान हलवते. डॉक्टर मलम देतो. महिन्याभराने तीच बाई फवारणीच्या औषधाचा डबा उघडते आणि मग सारे गाव म्हणते, असे काही असेल याची कल्पना नव्हती.

नागपूरकडच्या तीन गोष्टी

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. २६ मार्च १९७२ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण घडले. गाव तेव्हा चांदा जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे मुलीने विरोध केला नाही, असा अर्थ काढून. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. कोठडीतल्या अत्याचारात बाईने संमती नव्हती असे सांगितले की न्यायालयाने ते धरून चालायचे, पीडितेचे नाव छापायचे नाही, हे नियम तेव्हा आले. त्याच वर्षी सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारे ४९८अ हे कलम आले. आपल्या मुलखातल्या एका निरक्षर मुलीच्या दुःखातून साऱ्या देशाचा कायदा सुधारला, हे विदर्भातल्या किती घरांत ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट नागपूर शहरातली. कस्तुरबानगरच्या वस्तीत एका गुंडाने वर्षानुवर्षे बायांना छळले. तक्रारी करूनही त्याला आळा बसत नाही, हा तिथल्या बायांचा अनुभव. १३ ऑगस्ट २००४ला त्याला न्यायालयात आणले, तेव्हा जमावाने तिथेच त्याचा जीव घेतला. खटला दहा वर्षे चालला. २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले. आम्ही या प्रकाराचे कौतुक करत नाही. पण दाद मागण्याचा दरवाजा बंद राहिला की लोक भिंत पाडतात, हा त्यातला धडा आहे.

तिसरी गोष्ट कापसाच्या पेठेतली. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला भर रस्त्यात एका तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवले. सात दिवसांनी नागपूरच्या रुग्णालयात तिने प्राण सोडला. २०२२ साली आरोपीला जन्मठेप झाली. शिक्षा झाली, पण गेलेली लेक परत येत नाही. पाठलाग, धमक्या, त्रास सुरू होतो तेव्हाच हाक मारता आली पाहिजे, आणि ती ऐकणारे कुणीतरी पाहिजे.

हाक मारायची कुठे

आता कामाचे बोलू. हे पान फाडून चुलीजवळच्या भिंतीला लावले तरी चालेल.

जिवावर बेतले असेल तर फोन ११२. महिलांसाठी हेल्पलाईन १८१. लहान मुलामुलींसाठी १०९८. फुकट वकिलासाठी १५१००. मोबाईल नवरा तपासत असेल तर शेजारणीच्या फोनवरून बोलावे.

जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी वन स्टॉप सेंटर' असते. ही योजना २०१५ सालची. डॉक्टर, पोलीस, वकील आणि समुपदेशन यांची मदत एका जागी मिळावी आणि बाईला पोरांसह काही दिवस निवारा मिळावा, म्हणून ती काढली आहे. नागपूर शहर पोलिसांचा 'भरोसा सेल'ही याच कामासाठी आहे.

पण सगळ्यांत महत्त्वाचा माणूस आहे संरक्षण अधिकारी. हे पद किती जणांनी ऐकले आहे? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ला लागू झाला, त्यातून हे पद आले. महिला व बालविकास विभागाकडे चौकशी केली की त्याचा पत्ता लागतो. बाईची हकीकत लिहून घेणे, न्यायदंडाधिकाऱ्याकडे अहवाल पाठवणे, दवाखाना, निवारा, वकील यांची सोय पाहणे हे त्याचे काम आहे. उपकार नव्हे, काम. या कायद्यात मारझोडीबरोबर शिव्याशाप, उपाशी ठेवणे, पैसा अडकवणे, घराबाहेर काढणे हेही हिंसाचारात धरले आहे. तो नुसता बायकोसाठी नाही. आई, बहीण, विधवा सून यांनाही त्याचा आधार आहे. धनी गेल्यावर दीर-सासऱ्यांनी उंबऱ्याबाहेर काढलेल्या आपल्या बहिणींनी हे नीट वाचावे.

न्यायालय काय देऊ शकते? मारू नको असा हुकूम, घरातून काढू नको असा हुकूम, खर्चाला पैसा, पोरांचा ताबा, नुकसानभरपाई. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि पुढे साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. तारखा लांबतात हे आपण जाणतो. म्हणून तातडीचा अंतरिम हुकूम पहिल्याच अर्जात मागावा. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होते. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेचा राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे? बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७च्या विधी सेवा कायद्यात तसे लिहिले आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयात विधी सेवेचे कार्यालय असते; साधा अर्ज पुरतो. बलात्कार किंवा ॲसिडहल्ला झालेल्यांसाठी राज्याची 'मनोधैर्य' योजना २०१३ पासून आहे. त्याचा अर्जही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

जिनिंगमध्ये किंवा दुसऱ्याच्या वावरात रोजाने जाणाऱ्या बाईला मालक, मुकादम त्रास देत असेल तर तिच्यासाठी २०१३चा वेगळा कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यात मदत करणे समितीचे काम आहे.

हद्द आमची नाही

आता हुडकेश्वरचेच उदाहरण घ्या. काल-परवापर्यंत इथे वावरे होती, आज लेआऊट पडले. गाव महापालिकेत गेले. हुडकेश्वरचे पोलीस ठाणे नागपूर शहर आयुक्तालयाखाली येते. उमरेड रस्त्याने थोडे पुढे गेले की ग्रामीण पोलिसांची हद्द लागते. आपल्या लेकी तर हद्द पाहून दिलेल्या नसतात. माहेर इकडे, सासर कुहीला नाहीतर भिवापूरला. मार खाऊन माहेरी आलेल्या पोरीला ठाण्यात पहिले वाक्य ऐकू येते, 'हद्द आमची नाही.'

हे वाक्य आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तक्रार लिहून घ्यायची आणि योग्य ठाण्याकडे पाठवायची, हे त्यात स्पष्ट आहे. जुन्या ४९८अ ची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या ८५व्या कलमाने घेतली आहे. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत. सासर सोडून बाई जिथे आसऱ्याला आली तिथेही छळाचा खटला चालू शकतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल आहे. २००५च्या कायद्याचा अर्जही ती जिथे राहते तिथल्या न्यायालयात देता येतो. तक्रारीची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय ठाणे सोडू नये. तक्रार घेतलीच नाही तर तीच हकीकत कागदावर लिहून पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तालयातल्या वरिष्ठांना, पोस्टाने रजिस्टर करावी आणि पावती जपावी.

अत्याचार झालेल्या बाईवर पहिला उपचार फुकट करणे सरकारी आणि खासगी दोन्ही दवाखान्यांवर बंधनकारक आहे. तपासणीआधी अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. मार लागला असेल तर डॉक्टरला खरे कारण सांगावे आणि चिठ्ठीवर लिहून मागावे. विहिरीवर पाय घसरल्याची चिठ्ठी पुढे न्यायालयात बाईच्याच विरुद्ध बोलते.

खोट्या केसेसचे काय?

बैठकीत हा सवाल येणारच, म्हणून आधीच बोलतो. खोटी केस झाली तर ती अन्यायच, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच सांगितले आहे की ४९८अ खाली आपोआप अटक करायची नाही, गरज आहे का ते पोलिसांनी तपासायचे. २००५चा कायदा तर मुळात दिवाणी धाटणीचा आहे. पहिल्या अर्जावर तो कुणाला तुरुंगात टाकत नाही. पण ज्या देशात मार खाणाऱ्या शंभरातल्या ७७ जणी तोंडच उघडत नाहीत, तिथे आपली सारी काळजी खोट्या तक्रारींबद्दल असावी, हे न्यायाचे मोजमाप नव्हे. काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याला आपण ओळखतो. हाही काटाच आहे.

आणि एक. गावात तंटामुक्त समित्या आहेत, वडीलधारे पंच आहेत. बांधाचा वाद त्यांनी जरूर मिटवावा. बलात्कार, जाळण्याची धमकी, हाड मोडेपर्यंत मार हा तंटा नव्हे, गुन्हा आहे. तो चहा-पाण्यावर मिटवून पोरीला त्याच घरात परत धाडणारे पंच पुढच्या वाईटाचे धनी होतात.

बैठकीने काय ठरवावे

आमच्या सूचना मोठ्या नाहीत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असे कायद्यात आहे. ती कागदावर न होता खरी व्हावी आणि तीत ही माहिती मोठ्याने वाचावी. ग्रामपंचायत, शाळा आणि जिनिंगच्या भिंतीवर वरचे फोन नंबर रंगवावेत. प्रत्येक गावातून दोन बाया आणि एक पुरुष असे तिघे ठरवावेत, जे रात्री दार ठोठावले तर उघडतील आणि ठाण्यापर्यंत सोबत जातील. घरात हिंसाचार होतो आहे असे दिसले तर शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कायद्याने बालंट येत नाही. बायांनी आधार, रेशनकार्ड, पासबुक, लग्नपत्रिका आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्यांच्या नकला भरवशाच्या माणसाकडे ठेवाव्यात.

शेवटचे, आणि आमच्या मते मुळाचे. १९९०च्या सुमारास शरद जोशींच्या हाकेवरून 'लक्ष्मीमुक्ती'त हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला वडिलार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा दिला. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बाईला 'निघ घरातून' म्हणणे सोपे नसते. या हंगामाचा कापूस घरात येईल तेव्हा बैठकीतल्या किती भावांच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव चढले, ते पुढच्या बैठकीत हात वर करून मोजू.

राजाला जाब विचारणाऱ्यांनी आपल्या उंबऱ्याच्या आतही जाब देण्याची तयारी ठेवली पाहिजे. घामाचे दाम मागणारा माणूस घरातल्या घामावर हात उगारत असेल, तर त्याची मागणी अर्धीच खरी आहे.