जळालेल्या माळावर रात्री कोण फिरतं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. तरी वेळ काढून वाचा. कर्जत, श्रीगोंदा, जामखेड, पारनेर आणि नगर तालुक्यातल्या मित्रांनी तर नक्कीच.

परवा एका ग्रुपवर अमेरिकेतला व्हिडिओ फिरत होता. डोंगर जळून काळा पडलाय, मधूनमधून हिरवं फुटलंय आणि बंदूकवाला माणूस समजावून सांगतोय की, वणवा लागून गेलेली जागा हेरून ठेवा, पुढच्या काही वर्षांत तिथं म्यूल डिअर हमखास सापडतं. (म्यूल म्हणजे खेचर. खेचरासारखे मोठाले कान, म्हणून त्या हरणाला हे नाव.) खाली आपल्याच एका भावानं लिहिलं होतं, "तिकडं चालतं, मग आपल्याकडंच एवढा बाऊ कशाला?"

प्रश्न विचारलाय तर उत्तर द्यायला हवं. नुसतं "शिकार वाईट" म्हणून भागत नाही.

तो अमेरिकन माणूस जनावराबद्दल जे सांगतो ते खरंच आहे. जळालेल्या जागी कोवळा पाला फुटतो, ऊन जमिनीपर्यंत पोचतं आणि चरणारं जनावर तिकडं ओढलं जातं. पण तिथं कुणी किती हरणं मारायची हे सरकार ठरवतं. हरणांचा अंदाज घेऊन परवाने काढले जातात आणि हंगाम ठरलेला असतो. 1937 च्या एका कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवर कर बसवलाय, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. आणि म्यूल डिअर आजही लाखोंच्या संख्येत आहे. एवढं असूनही सगळं आलबेल नाही. नेवाडा, आयडाहोकडं वारंवार जळालेल्या जमिनीवर चीटग्रास नावाचं परकं गवत माजलंय आणि हिवाळ्यात हरणांना लागणारी झुडपंच गेलीत.

आता आपल्याकडं या.

आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये वीज पडून माळ पेटत नाही. तो पेटवला जातो. कुणी बांध जाळताना हलगर्जीपणा करतो, कुणी बिडी टाकतो, कुणाला वाटतं जाळलं की गवत चांगलं येतं. आणि काही जण शिकारीसाठी पेटवतात. या शेवटच्यांबद्दल आपण बोलतच नाही. वणव्याची बातमी येते ती 'इतकं गवत खाक' अशी. शिकारीची बातमी आलीच तर वेगळी येते, वेगळ्या दिवशी. दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही, आणि माझं म्हणणं नेमकं तेच आहे. आपल्या माळावर वणवा आणि शिकार हे बऱ्याचदा एकाच धंद्याचे दोन टप्पे असतात.

कसं ते सांगतो. पहिला प्रकार सगळ्यांना माहीत आहे. वाऱ्याचा अंदाज घेऊन एका बाजूनं गवत पेटवायचं आणि दुसऱ्या बाजूला जाळी लावून, कुत्री घेऊन बसायचं. ससे, तितर, लावे, एखादं डुक्कर, जे बाहेर पडेल ते. अर्ध्या तासाचं काम.

दुसरा प्रकार जास्त चलाख आहे, कारण त्यात आग लावणारा आगीच्या जवळपासही नसतो. माळ जळून जातो आणि लोक हळहळून घरी जातात. पण पवना, मारवेल ही बारमाही गवतं आहेत, त्यांची मुळं जिवंत असतात. जमिनीत थोडी ओल असली की आठ-पंधरा दिवसांत काळ्या राखेतून हिरवे कोंब वर येतात. आजूबाजूला सगळं वाळून कोळ झालेलं आणि मध्येच हा हिरवा तुकडा. काळवीट, चिंकारा तिथं येणारच. राखेतल्या क्षारांसाठीही जनावरं अशा जागी येतात. आणि आता लपायला गवताची काडी नाही. काळ्या जमिनीवर बॅटरीचा झोत फिरवला की डोळे लांबून चमकतात. गाडी कुठूनही घालता येते. म्हणजे खाद्य मांडून ठेवलेलं, आडोसा काढून टाकलेला आणि राखणदार कुणी नाही, कारण आपल्या लेखी वणवा तर विझलाय.

पाडसांचं काय होतं ते वेगळंच. काळविटाची मादी पिल्लाला गवतात दडवून चरायला जाते. ते पहिले काही दिवस जागचं हलत नाही, हलायचं नाही हेच त्याचं संरक्षण. लांडगा जवळून गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. आग आली तरी ते हलत नाही. चंडोल, धाविक, तितर यांची घरटी जमिनीवरच. त्यांची अंडी कुठं पळणार?

यात कायद्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो नीट वाचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. जनावर पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं, हाकून बाहेर काढणं हे सगळं शिकारीच्या व्याख्येत येतं. पक्ष्यांची अंडी-घरटी नासवणंही त्यातच येतं. मग गवत पेटवून ससा बाहेर काढला तर ती शिकारच झाली, ससा सापडो वा न सापडो. अभयारण्यात आग लावायला तर कलम 30 नुसार वेगळी बंदी आहे. काळवीट आणि चिंकारा दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड.

असं असताना वणव्याच्या कागदावर बहुतेक वेळा काय लिहिलेलं असतं? 'अज्ञात इसमाने आग लावली.' क्षेत्र किती जळालं ते लिहायचं, सही करायची, विषय संपला. फासे, जाळ्यांच्या खुंट्या, गाडीच्या चाकोऱ्या, काडतुसाची टरफलं कुणी शोधतं का? राखेवर तर ठसे इतके स्वच्छ उमटतात की नवख्यालाही वाचता येतील. त्या राखेइतका चांगला साक्षीदार वर्षभरात दुसरा मिळत नाही, आणि वारा सुटला की तोही जातो.

कुणी म्हणेल, आता उपग्रह आहेत. आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे पाठवते आणि दाट जंगलात त्याचा उपयोगही होतो. पण हे उपग्रह आपल्या डोक्यावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. वाळक्या कुसळीचा माळ तासा-दोन तासांत जळून मोकळा होतो. संध्याकाळी सातला पेटलं आणि नऊला विझलं, तर उपग्रहाला काय दिसणार? माळाची राखण माळाजवळचा माणूसच करू शकतो.

आता थोडं नाजूक बोलतो. शिकारीचा विषय निघाला की आपल्याकडं बोट आपोआप फासेपारध्यांच्या पालाकडं जातं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं सुरू केलेला 'गुन्हेगार जमाती'चा शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला, आपल्या डोक्यातून गेलेला नाही. फासे लावून पोट भरणं ही त्या समाजाची जुनी विद्या होती, आजही कुणी लावत असेल तर तो गुन्हाच आहे, हे मान्य. पण पिकअप, झेनॉनची बॅटरी, बंदूक आणि रात्री दीडला ढाब्यावर पोचणारं मटण हे पालावरच्या माणसाचं काम नाही. ते कुणाचं आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं. सकाळी चहाच्या टपरीवर त्याची चर्चाही होते. फक्त पंचनाम्याला कुणी साक्षीदार म्हणून उभा राहत नाही. उलट मला वाटतं, अग्निरक्षक म्हणून हंगामी माणसं घेताना वनखात्यानं पारधी तरुणांना आधी विचारावं. राखेवरचा माग त्यांच्याइतका कोण वाचणार?

शेतकरी गप्प का बसतो, तेही समजून घ्या. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य 1980 चं, आणि क्षेत्र किती तर 2.17 चौरस किलोमीटर. म्हणजे 217 हेक्टर! एवढ्याशा कुंपणात काळवीट मावत नाही. ते आजूबाजूच्या वावरात येणारच, उगवलेली ज्वारी, हरभरा खाणारच. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण अर्ज, पंचनामा, फेऱ्या यात माणूस थकतो. मग रात्री लांब कुठं बार वाजला तर तो कूस बदलून झोपतो. त्याला नावं ठेवण्याआधी भरपाई वेळेत द्या. हे शिकार रोखण्याचंच काम आहे. वनखात्याचं आणि महसूलचं ते वेगवेगळं खातं असेल, शेतकऱ्याच्या डोक्यात ते एकच आहे.

आणि हो, आग म्हणजे माळाची वैरीच, असं सरसकट म्हणणाऱ्यांतला मी नाही. वनखातं स्वतः जाळरेषा काढतं, म्हणजे ठरावीक पट्टे आधीच जाळून ठेवतं, ते योग्यच आहे. गवताळ प्रदेश आगीसोबतच वाढलेत. प्रश्न कधी, किती आणि कशासाठी जाळायचं याचा आहे. दरवर्षी, तेही मार्च-एप्रिलमध्ये, अख्खा डोंगर जाळला तर चांगल्या गवताची पीछेहाट होते आणि कुसळी माजते, कारण कुसळीला आग सोसते. 'जाळलं की गवत चांगलं येतं' म्हणणाऱ्यानं एकदा धनगराला विचारावं. कुसळ मेंढीच्या लोकरीत शिरतं, कातडीत रुततं, जखमा होतात. हिरवं लवकर दिसतं हे खरं, पण पाच-सात वर्षं सलग जाळलेल्या माळावर काय उरतं ते बघून या. (माळावर चर खोदून भाराभर झाडं लावण्याचा जो सरकारी उत्साह आहे, त्याबद्दल वेगळी पोस्ट लिहावी लागेल.)

मग करायचं काय? उपाय आपल्याच जिल्ह्यात आहे, अमेरिकेत जायची गरज नाही. हिवरे बाजार बघा. पोपटराव पवारांच्या गावाबद्दल पाण्याचं खूप लिहिलं गेलं, गवताचं कमी. तिथं मोकाट चराई बंद केली. गवत विळ्यानं कापून न्यायचं, हा गावाचा नियम. झालं काय, तर डोंगरावरच्या गवताला मालक मिळाला. ज्या गवताच्या भाऱ्यावर माझ्या म्हशीचं दूध अवलंबून आहे, त्याला काडी लावणाऱ्याला मी सोडेन का? आपल्या बाकीच्या गावांत गायरान आणि वनजमिनीवरचं गवत नोव्हेंबरपासून नुसतं वाळत उभं राहतं. ते कुणाचंच नसतं, म्हणून पेटवणाऱ्याला कुणी हटकत नाही. कापून नेलेलं गवत पेटत नाही, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? सगळंच कापू नका, पट्टे सोडा, पाडसाला आणि तितराला आडोसा राहू द्या. वनव्यवस्थापन समिती बऱ्याच गावांत कागदावर आहे, तिला हे काम द्या. अभयारण्याच्या हद्दीत काय करायचं ते वनखात्याशी बोलून ठरवा.

दुसरी मागणी वनखात्याकडं. वणवा विझला त्या रात्रीपासून पुढचे निदान वीस-पंचवीस दिवस त्या जागेवर गस्त ठेवा. सध्या सगळी ताकद आग विझवण्यात जाते. वनरक्षक बिचारे झाडाच्या फांद्या घेऊन जिवावर उदार होऊन आग झोडपतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, माणसंच कमी आहेत. पण आग विझल्यावर पाठ फिरवली तर पेटवणाऱ्याला हवं तेच होतं. जळालेल्या जागेकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर रात्री दोन माणसं बसवली, तर पेटवण्यातला निम्मा फायदाच संपतो. आणि वणव्याच्या प्रत्येक पंचनाम्यात शिकारीच्या खुणा शोधल्या की नाही, हा एक रकाना घाला. रकाना असला की भरावा लागतो, भरायचा म्हटलं की बघावं लागतं.

आपल्यासाठी: धूर किंवा जाळ दिसला, किंवा जळालेल्या माळावर रात्री बॅटऱ्या फिरताना दिसल्या, तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. एकट्यानं अंगावर जाऊ नका, त्यांच्याकडं हत्यारं असतात. लांबून गाडीचा नंबर आणि मोबाईलवरचं लोकेशन मिळालं तरी पुष्कळ आहे. ज्यांना वनात चराईचे किंवा गवताचे हक्क आहेत, त्यांच्यावर तर 1927 च्या वन अधिनियमाच्या कलम 79 नुसार आगीची खबर देण्याची आणि विझवायला मदत करण्याची जबाबदारीच आहे.

गवतकापणीचा विषय ग्रामसभेत घ्यायचा असेल तर 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरला घ्या. 1 मे च्या ग्रामसभेपर्यंत माळ जळून गेलेला असतो. तुमच्या गावात गवत लिलावानं किंवा वाटून कापत असतील तर कमेंटमध्ये गावाचं नाव, भाऱ्याचा दर आणि राखण कोण करतं ते लिहा. तालुकावार यादी करून वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा विचार आहे.