पस्तीस वर्षांची हमी कोणाला?

प्रति,
अध्यक्ष, रेल्वे बोर्ड,
नवी दिल्ली

सन्माननीय महोदय,

नवी वंदे भारत फलाटाला लागते तेव्हा हार, ढोल, सेल्फी सगळे असते. तीच गाडी ओव्हरहॉलसाठी वर्कशॉपात उघडली जाते तेव्हा एकही पुढारी फिरकत नाही. साहजिक आहे, ग्रीसने माखलेल्या बोगीसमोर फोटो चांगला येत नाही. पण रेल्वेच्या व्यवहारातला पैसा हळूहळू याच बोगीखाली सरकतो आहे, आणि ते बोर्डाच्याच करारांत दिसते.

२०१५ मध्ये मधेपुऱ्याच्या कारखान्यासाठी आल्स्टॉमशी ८०० मालवाहू इंजिनांचा करार झाला. बारा हजार अश्वशक्तीच्या या इंजिनांचे देखभाल डेपो सहारनपूर आणि नागपूरला आले. जानेवारी २०२३ मध्ये सीमेन्सला नऊ हजार अश्वशक्तीच्या १,२०० इंजिनांचे काम मिळाले. बांधणी दाहोदला, आणि ३५ वर्षांची देखभालही कंपनीकडेच. तिच्या चार डेपोंपैकी एक पुण्यात. त्याच वर्षी रशियाच्या ट्रान्समाशहोल्डिंग आणि आपल्या रेल विकास निगमच्या भागीदारीला वंदे भारतचे १,९२० शयनयान डबे देण्यात आले. ते लातूरला बांधायचे आणि तेही ३५ वर्षे सांभाळायचे.

इंजिन एकदाच विकले जाते. त्याची बेअरिंगे, ब्रेक ब्लॉक, कन्व्हर्टर मात्र पुढची तीन दशके विकले जात राहतात.

देखभाल बनवणाऱ्या कंपनीकडेच सोपवण्याची ही पद्धत वाईट नाही. भाग निकृष्ट निघाला तर तो बनवणाऱ्यालाच निस्तरावा लागतो, हा मोठाच फायदा. प्रश्न आहे तो सुट्या भागांची नाडी कोणाच्या हातात राहते हा. याचा धडा बोर्डाने २०२२ मध्ये घेतला आहे. रेल्वेचे चाक झिजले की लेथवर पुन्हा घडवतात. व्यास ठरलेल्या मर्यादेखाली गेला की ते भंगारात जाते. वंदे भारतसाठी अशी ३६ हजार घडीव चाके युक्रेनमधून यायची होती. युद्ध पेटले आणि पुरवठा अडला. पहिली १२८ चाके ट्रकने रुमानियात नेऊन तिथून विमानाने आणावी लागली. चाके, विमानाने! पाठोपाठ ३९ हजार चाकांची ऑर्डर एका चिनी कंपनीला गेली. मग २०२३ मध्ये रामकृष्ण फोर्जिंग्ज आणि टिटागढ यांच्याशी वीस वर्षांत १५ लाख ४० हजार चाकांचा करार झाला, तेव्हा कुठे हा भाग देशातच घडवण्याची व्यवस्था मार्गी लागली. हे शहाणपण चाकांपुरतेच थांबू नये. ब्रेक आणि कन्व्हर्टरची रेखाचित्रे, त्यांचे सॉफ्टवेअर, ते करार संपल्यावर कोणाचे, हे आजच लोकांसमोर यायला हवे.

आणखी एक विसंगती आहे. इंजिनाला ३५ वर्षांची हमी मिळाली. ते ज्यावरून धावते त्या रुळाला अशी हमी देणारे कोणी नाही. तो ट्रॅकमन आणि कीमनच्या भरवशावर आहे. २०१७ ते २०२१ या काळात गाड्या रुळांवरून घसरण्याचे जे अपघात झाले, त्यांचा कॅगने अभ्यास केला. ४२२ अपघातांची जबाबदारी अभियांत्रिकी विभागावर आली आणि त्यांतल्या १७१ अपघातांत रुळांची देखभाल हे कारण निघाले. दर रविवारी मेगाब्लॉक सोसणाऱ्या मुंबईकराला ही देखभाल काय असते ते ठाऊक आहे. तो कुरकुरतो, पण ब्लॉकच घेऊ नका असे तो म्हणत नाही.

आता मुंबईतल्या परळ आणि माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपांचे बोलू. परळचे वर्कशॉप १८७९ चे, माटुंग्याचे १९१५ चे. पिढ्यानपिढ्या डबे सोडवून पुन्हा जोडणारे फिटर, वेल्डर आणि टर्नर तिथे तयार झाले. नागपूर आणि पुण्यासारख्या कंपनी डेपोंत या माणसांना शिरकाव नसेल, तर करार संपून गाड्यांची देखभाल रेल्वेकडे येईल तेव्हा त्या उघडणार कोण?

म्हणून दोन गोष्टी मागायच्या आहेत. प्रत्येक कंपनी डेपोत रेल्वेचे तंत्रज्ञ नुसते देखरेखीला नकोत, पाना हातात घेऊन काम करायला हवेत. आणि सुटा भाग न मिळाल्यामुळे किती इंजिने व किती डबे किती दिवस उभे राहिले, कंपनीच्या डेपोत किती आणि रेल्वेच्या शेडमध्ये किती, ही आकडेवारी बोर्डाने दर महिन्याला जाहीर करावी. सुरुवात नागपूरपासून करता येईल.

कळावे,
एक प्रवासी