परकरातली नाडी

या सदरात दर आठवड्याला मी इकडचे तिकडचे लिहितो, पण दिवाळी अंकासाठी संपादकांना काहीतरी ‘घरचे’ हवे असते. तेव्हा यंदा आमच्या अक्काचा दंड.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी माळ्यावरचा सोऱ्या काढायला अक्का स्टुलावर चढली. वय वर्षे अडुसष्ट. घरात मी, मुलगा आणि सून असे तीन धडधाकट इसम हजर होतो. पण सोऱ्या कुठे आहे ते आम्हांला सांगूनही सापडणार नाही, असा तिचा ठाम समज. सोऱ्या हाती आला आणि स्टूल निसटले. उजव्या दंडाचे हाड मधोमध मोडले.

हाड मोडले याचे मला फारसे भय वाटले नाही. भय वाटले ते पुढच्या गोष्टीचे. डॉक्टर म्हणाले, “आजी, पंजा मनगटातून वर उचला बघू.” अक्काने दात-ओठ खाऊन प्रयत्न केला. पंजा पाण्यावाचून मान टाकलेल्या रोपासारखा लोंबत राहिला. वाती वळणारा, पेटी वाजवणारा, मला लहानपणी चार चापट्या देणारा तो हात!

डॉक्टरांनी समजावून सांगितले. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून एक नस खाली उतरते. मनगट आणि बोटे वर उचलणे हे तिचे काम. हाड मध्ये मोडले की शंभरांतल्या दहा-बाराजणांची ही नस दुखावते. बहुधा ती तुटलेली नसते, चेपलेली किंवा ताणलेली असते आणि काही महिन्यांत आपणहून जागी होते. ‘बहुधा’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकताना काळजात कसे होते, ते ज्याचे त्याने जाणावे.

शेजारच्या काकांनी ताबडतोब एका हाडवैद्याचा पत्ता दिला. तेलाने चोळून महिन्यात हात सरळ, अशी ख्याती. मोडक्या हाडाच्या धारेला नस टेकलेली असताना तिथे चोळायचे! मी पत्ता घेतला, खिशात घातला आणि विसरलो.

डॉक्टरांनीही लगेच सुरी उपसली नाही. दंडाभोवती घट्ट बसणारे प्लॅस्टिकचे कवच बांधून हात खाली लोंबू द्यायचा. हाताच्या वजनाने हाड ओळीत येते. सार्मिएन्टो या अमेरिकेत काम करणाऱ्या सर्जनने १९७७ साली या उपायाचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासून तो रूढ आहे. २०२० साली फिनलंडमधल्या डॉक्टरांनी ८२ रुग्णांवर कवच आणि ऑपरेशन यांची तुलना केली. वर्षअखेर हाताच्या कामात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. मात्र कवच बांधलेल्यांपैकी शेकडा तीसजणांना पुढे ऑपरेशन करावेच लागले.

अक्का त्या तिसांतली निघाली. दहाव्या दिवशीच्या एक्स-रेत हाडाची दोन टोके एकमेकांकडे पाठ फिरवून उभी होती.

डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढले. खांद्यापासून कोपरापर्यंत दंड उघडायचा नाही. खांद्याजवळ एक आणि कोपराच्या वर एक, असे दोन लहान छेद. वरच्या छेदातून धातूची पट्टी स्नायूखालून, हाडाला चिकटून सरकवायची आणि दोन्ही टोकांना स्क्रू मारायचे. मोडलेल्या जागेला हात लावायचा नाही, कारण तिथल्या मांसातूनच हाडाला रक्त मिळते. अक्का इतका वेळ गप्प होती. ती एकदम म्हणाली, “म्हणजे परकराच्या नेफ्यात नाडी ओवायची तशीच की!” डॉक्टर हसले, पण मला वाटते, यापुढे ते रुग्णांना असेच सांगत असतील.

न उघडता आतले दिसते कसे? त्यासाठी ‘सी’ अक्षराच्या आकाराची एक कमान असते. एका टोकातून क्ष-किरण निघतात, दुसऱ्या टोकाशी पकडले जातात आणि हाडाची सावली पडद्यावर उमटते. राँटगेनने १८९५ साली बायकोच्या हाताचे जे चित्र घेतले ते स्थिर होते. इथे हाड हलवले की सावलीही हलते. किरण कमी लागावेत म्हणून पायाने कळ क्षणभरच दाबतात. खोलीतली मंडळी शिशाचे एप्रन घालून उभी.

“मग नसही दिसत असेल?” मी विचारले.

“नाही. हाड दिसते, स्क्रू दिसतो. नस दिसत नाही.”

मला घाम फुटला. ज्या एका गोष्टीसाठी आमचा जीव टांगणीला, ती यंत्राला दिसतच नाही! ती डॉक्टरांनी डोक्यात ठेवायची. दंडाच्या मध्यावर नस मागे असते, म्हणून पट्टी पुढून घालायची. खाली कोपराकडे ती बाहेरच्या अंगाने पुढे येते; तिथे स्नायू मधोमध चिरून बाहेरचा अर्धा भाग नसेवर उशीसारखा राखायचा आणि त्या बाजूला अवजाराचा दाब येऊ द्यायचा नाही.

ऑपरेशन नीट पार पडले. पण पंजा लोंबलेलाच. मनगटाला आधाराची पट्टी, रोजचा व्यायाम आणि वाट पाहणे. पेटीवरचा अभ्रा अक्काने कुणालाही काढू दिला नाही.

संक्रांतीला मला तिळगूळ देताना तिचे मनगट दोन बोटे वर आले. “हललं रे!” म्हणत ती मटकन खाली बसली. तिळगूळ जमिनीवर, आणि आम्ही दोघे म्हातारे रडतो आहोत. मग बोटे आली. अंगठा सर्वांत शेवटी, पाडव्याच्या सुमारास.

परवा चकलीची भाजणी दळून आली. सोऱ्या माळ्यावरच होता. अक्काने स्टूल आणून माझ्यासमोर ठेवले आणि उजव्या हाताने ते घट्ट धरून म्हणाली, “चढ. डावीकडच्या पितळी डब्यामागे आहे.”

तिथे नव्हता.