परमुलखांतील गांठीचा पैसा

“मुलगा व सूनबाई लंडनांत असतात. त्यांच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां दोन महिने तिकडे जात आहों. खर्चाची काळजी नको, असें मुलगा म्हणतो; तरी गांठीं कांहीं पैसा घ्यावा काय?” अशी पृच्छा एका वृद्ध वाचकांनीं केली आहे. आमचें उत्तर असें कीं, अवश्य घ्यावा. मुलगा कितीही गुणी असो. नातवाच्या खाऊसाठीं वडील माणसांनीं त्याच्याकडे पैसे मागावे, हें दोघांसही अवघड वाटतें. मात्र तो पैसा कसा घ्यावा, हें घरांतील सर्वांनींच समजून घेतलें पाहिजे.

वीस शिलिंगांचा पौंड व बारा पेन्सांचा शिलिंग हें जुनें कोष्टक ज्यांस पाठ असेल, त्यांनीं तें आतां विसरावें. १५ फेब्रुवारी १९७१ पासून पौंडाचे सरळ १०० पेन्स झाले आहेत.

वर्तमानपत्रांत छापलेला भाव हा आपला भाव नव्हे. तो मोठ्या बँकांच्या घाऊक व्यवहाराचा असतो. चलनाचा व्यापारी दोन भाव ठेवतो: देण्याचा एक व घेण्याचा दुसरा. समजा, तो पौंड ११० रुपयांस देतो व १०४ रुपयांस परत घेतो. आपण ५०० पौंड घेतले, तर ५५,००० रुपये पडले. एकही पौंड न खर्चितां ते तसेच परत केले, तर ५२,००० हातीं आले. तीन हजार रुपये नुसत्या अदलाबदलींत गेले! ‘दस्तुरी नाहीं’ या पाटीस म्हणूनच भुलूं नये. दस्तुरी या अंतरांतच दडलेली असते. यास्तव एकाच दिवशीं दोनतीन ठिकाणीं दोन्ही भाव विचारावे, विमानतळावरील खिडकीच्या भरंवशावर राहूं नये, आणि लागेल तेवढेंच चलन घ्यावें.

व्यापारी रिझर्व्ह बँकेच्या परवान्याचा असावा व पावती जपून ठेवावी. सांप्रतच्या नियमांप्रमाणें इंग्लंडच्या एका खेपेस ३,००० अमेरिकी डॉलरांच्या मोलापर्यंत नोटा नेतां येतात. अधिक रक्कम कार्डावर घ्यावी. ५०,००० रुपयांहून अधिक किंमत रोखीनें देतां येत नाहीं. तेथील दुकानांत कार्डाचें यंत्र ‘रुपये कीं पौंड’ असें विचारील, तर पौंडच सांगावे. रुपयांचा भाव बहुधा महाग पडतो.

पूर्वीच्या प्रवासांतील नोटा कपाटांत असल्यास त्या आधीं पाहाव्या. २० व ५० पौंडांच्या कागदी नोटांचें चलन ३० सप्टेंबर २०२२ नंतर बंद झालें आहे. बँक ऑफ इंग्लंड त्या अद्यापि बदलून देते, म्हणून टाकूं नयेत. परंतु दुकानांत त्या चालतील, असें धरूं नये. परतल्यावर २,००० डॉलरांच्या मोलापर्यंत शिल्लक जवळ ठेवतां येते. त्याहून अधिक असेल ती १८० दिवसांच्या आंत परत करावी.

शेवटीं एक विनंति. सारे पौंड यजमानांच्याच खिशांत नसावे. परमुलखांत बायामाणसें आधींच भाषेनें व वाहनानें परावलंबी होतात. थोडे पौंड आजीबाईंच्या बटव्यांत असूं द्यावे, आणि त्यांचा हिशेब कोणीं विचारूं नये.