निविदा मंत्रालयाची, वर्गणी गावाची

राज्यकर्त्यांना विकेंद्रीकरणाची आठवण नेमकी केव्हा होते, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या व नगरपालिकांच्या शाळांपुरता तो मांडला तरी पुरे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात मुलांना आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा पैसा बंद केला आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना कळविले की, अंडी द्यावयाची असतील तर ती लोकसहभागातून द्यावीत. खिरीत घालावयाच्या साखरेलाही तोच न्याय लागला. ज्या समितीला अंडी व साखर खरेदी करण्याचा हा थोर अधिकार मिळाला, तिच्याच हातून २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी गणवेशाची खरेदी काढून घेण्यात आली होती. अंडे गावाने आणावे, कापड मंत्रालय आणील!

या दोन निर्णयांमध्ये विसंगती आहे असे वरकरणी वाटते. वस्तुतः त्यांत पूर्ण संगती आहे. जेथे पैसा आहे तेथे निर्णय वर जातो आणि जेथे पैसा संपतो तेथे निर्णय खाली येतो. शाळेची खरेदी, शाळेचे नेतृत्व आणि शाळेची इमारत या तिन्ही बाबतींत हीच चाल दिसते. तिला विकेंद्रीकरण म्हणणे म्हणजे भाषेचा अपमान आहे.

गणवेशाचे प्रकरण बारकाईने पाहावे. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी मुलामागे ६०० रुपये धरलेले होते. ही रक्कम समितीकडे येई आणि समिती जवळच्या बाजारातून कापड वा तयार कपडे घेई. यात सारे आलबेल होते असे कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. मुख्याध्यापक आणि दुकानदार यांचे साटेलोटे असे, कापड हलके निघे. तरीही सदरा आखूड झाला तर आई तो घेऊन दुकानदाराच्या दारात उभी राहू शकत होती, आणि दुकानदाराला त्याच गावात पुढेही धंदा करावयाचा होता. हा लगाम कोणत्याही करारपत्रात लिहिलेला नसतो, पण तोच सर्वांत घट्ट असतो.

त्याऐवजी 'एक राज्य, एक गणवेश' आला. कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि नियमित गणवेश शिवण्याचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेले. दुसऱ्या, म्हणजे स्काऊट-गाईडच्या गणवेशाचे नुसते कापड शाळांकडे धाडून तो स्थानिक पातळीवर शिवून घ्या असे सांगण्यात आले. शिलाईला १०० रुपये आणि वरकड खर्चाला १० रुपये. या दरात शिवून देणारा शिंपी कोठे मिळतो, हे मात्र आदेशात नव्हते. जूनमध्ये शाळा उघडल्या. स्वातंत्र्यदिन आला आणि असंख्य मुलांनी जुन्याच कपड्यांत झेंडावंदन केले. जेथे गणवेश पोचले तेथे मापांचा गोंधळ, उसवलेल्या शिवणी आणि तक्रारींचा पाऊस. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने माघार घेऊन पुढील वर्षापासून खरेदी पुन्हा समित्यांकडे सोपविली. एका पिढीच्या पहिलीतील मुलांचे वर्ष त्या प्रयोगात गेले, त्याची जबाबदारी कोणावर पडली नाही.

केंद्रीय खरेदीचे समर्थक म्हणतात, घाऊक खरेदी स्वस्त पडते. अर्थशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतील हा सिद्धान्त खरा आहे. सिमेंटच्या पोत्याला तो लागू पडतो. सहा वर्षांच्या मुलाच्या सदऱ्याला तो तसाच लागू पडत नाही, कारण माप घेणे, दुरुस्त करणे, बदलून देणे हा त्या वस्तूच्या किमतीचाच भाग असतो. घाऊक निविदेत तो खर्च वजा होतो आणि आईच्या सुईदोऱ्यावर नावे टाकला जातो. मग दर स्वस्त दिसणारच.

दुसरा हिशेब त्याहून बोलका आहे. चाळीस लाख मुले आणि मुलामागे ६०० रुपये धरले, तर रक्कम २४० कोटींची होते. तीच साठ हजार शाळांत विभागली तर शाळेमागे सरासरी ४० हजार रुपये येतात. ४० हजारांच्या खरेदीसाठी कोणी बडा पुरवठादार मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवीत नाही. तेथे तालुक्याचा दुकानदार आणि गल्लीतला शिंपी पुरतो. रक्कम २४० कोटींची होताच गिऱ्हाईकही बदलते आणि विक्रेताही बदलतो. या व्यवहारात कोणी हात ओले केले की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. सारे काही अगदी धुतल्या तांदळासारखे झाले असे मानले, तरी ग्रामीण बाजारपेठेत फिरणारा पैसा एका फटक्यात मोठ्या भांडवलाकडे वळला, ही गोष्ट उरतेच. समाजवाद्यांनी बोलावयाचे ते याविषयी.

आता भिंतींकडे वळावे. समग्र शिक्षेखाली शाळेला वर्षाकाठी संयुक्त शाळा अनुदान मिळते. तीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळेला ते १० हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. शंभर पटापर्यंत २५ हजार. यातून वीजबिल, खडू, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती भागवायची, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करावयाचे. एका लहान पानपट्टीचा विजेचा खर्चही याहून जास्त असेल. एवढ्या रकमेत कौले परतता येत नाहीत, गळके छत तर दूरच. वर्गखोली धोकादायक झाली तर ती पाडण्यासाठी निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो. तो मुख्याध्यापकाकडून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, तेथून बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडे, तेथून जिल्हा परिषदेकडे प्रवास करतो. पावसाळे त्या प्रवासाची वाट पाहात नाहीत.

२८ ऑगस्ट २०१७ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे भर पावसात जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळले आणि तीन मुले दगावली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे सरकारी शाळेची इमारत पडून सात मुलांचा बळी गेला. छतातून खडे पडत असल्याचे मुलांनी आधी सांगितले होते, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. दोन्ही ठिकाणी पुढे जे व्हावयाचे तेच झाले. सर्वेक्षणाचे आदेश निघाले. धोकादायक वर्गांची यादी करण्यासाठी मुले मरावी लागतात, अशी ही शासनव्यवस्था आहे. वर्गात बसणाऱ्या मुलाला छताविषयी जे ठाऊक असते ते अभियंत्याच्या कार्यालयात पोचण्याचा एकही सरळ रस्ता तिने ठेवलेला नाही.

छतासाठी पैसा नाही म्हणणाऱ्या शासनाने उपाय मात्र शोधून काढला. सप्टेंबर २०२३ मध्ये 'दत्तक शाळा' योजना आली. देणगीदाराने वस्तू वा सेवांच्या रूपाने साहाय्य करावे आणि हवे असल्यास शाळेला आपले नाव जोडून घ्यावे. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी. मोठ्या महानगरपालिकांत दोन व तीन कोटी. पुष्कळ खेड्यांत शाळा उभी आहे ती कोणा शेतकऱ्याने दिलेल्या जागेवर आणि गावाने श्रमदानाने घातलेल्या पायावर. त्यांची नावे भिंतीवर लावण्याचा शासन निर्णय काढण्याची गरज कधी कोणाला वाटली नव्हती. शाळेची देखभाल हा नागरिकाचा हक्क राहिला नाही, ती देणगीदाराची मर्जी झाली. दहा वर्षे संपल्यावर छत गळू लागले तर दत्तक घेणारा कोठे असेल?

नेतृत्वाची कथा सर्वांत कमी बोलली जाते आणि म्हणून तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५० च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा १०० ची. महाराष्ट्रातील बहुसंख्य खेड्यांत एवढा पट नसतो. तेथे दोन शिक्षकांतील ज्येष्ठ तो प्रभारी होतो. समितीचा सचिव तोच, पोषण आहाराचा तांदूळ मोजणारा तोच, ऑनलाईन माहिती भरणारा तोच, केंद्रप्रमुख बोलावील त्या बैठकीस जाणाराही तोच. तो या कामात असतो त्या दिवशी पाच इयत्ता एका शिक्षकापुढे बसलेल्या असतात. मुख्याध्यापकाचे वेतन वाचले असे वित्त विभागाच्या कागदावर दिसते. खर्च वाचलेला नसतो. तो मुलांच्या खात्यावर, शिकवण्याच्या तासांच्या रूपाने, नावे पडलेला असतो. मुलांचे खाते कोणी तपासत नाही म्हणून ही काटकसर खपून जाते. आणि हा प्रभारी कोण असावा, तो किती काळ राहावा, याविषयी समितीला एक शब्दही विचारला जात नाही. बदली संगणकावर होते, तिची वार्ता गावाला नंतर कळते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. स्थानिक मंडळांच्या हाती कारभार दिला की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली नगरपालिकांची शिक्षण मंडळे स्थापन झाली. त्यांपैकी अनेक मंडळे नाराज कार्यकर्त्यांची सोय लावण्याची जागा बनली आणि बाके, दप्तरे, गणवेश यांची खरेदी हाच त्यांचा अभ्यासक्रम झाला. २०१३ मध्ये राज्याने तो कायदाच निरस्त करून मंडळे मोडीत काढण्याचा मार्ग मोकळा केला, तेव्हा कोणी अश्रू ढाळले नाहीत. त्याहीपूर्वी, १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात बजावले होते की, शिक्षणाच्या निधीवर देखरेख करणाऱ्या स्थानिक समित्यांवर अडाणी पाटील, इनामदार, सरदार नेमू नयेत. निधीवर डोळस नियंत्रण ठेवणे त्यांना जमणार नाही. स्थानिकतेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा इशारा विसरता कामा नये.

परंतु जोतीरावांचा रोख नीट समजून घ्यावा. त्याच निवेदनात शेतकऱ्याकडून घेतलेल्या लोकल फंडाचा निदान अर्धा भाग प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा अशी त्यांची मागणी होती. ज्याचा पैसा त्याचे मूल शिकले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मध्ये बसणाऱ्या वतनदारावर त्यांचा अविश्वास. २००९ च्या कायद्याने निदान कागदावर या अविश्वासाला उत्तर दिले आहे. समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा असाव्यात. जुन्या शिक्षण मंडळावर नेमणुकीने येणारा पुढारी आणि ज्याचे मूल त्याच छताखाली बसते असा पालक, यांत फरक आहे. पहिल्याला खरेदीत रस असतो, दुसऱ्याला छतात.

वरच्या पातळीवरील लोकनियुक्त संस्थांची अवस्था काय होती, हेही लक्षात ठेवावे. २०२२ पासून बहुतेक महानगरपालिका व जिल्हा परिषदा कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. निवडणुका घ्या असे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. गणवेश, दत्तक शाळा, अंडी हे सारे निर्णय त्याच काळातील. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत प्रश्न विचारणारा सभासदच नव्हता. निवडून आलेली संस्था म्हणावी अशी एकच गोष्ट त्या काळात शाळेच्या बाजूला उरली होती, ती म्हणजे पालकांची ही समिती. तिचे इतिवृत्त पुष्कळ ठिकाणी शाळेतच लिहिले गेले आणि शिपाई घरोघरी सह्या घेऊन आला.

येथे पुरोगामी चळवळीलाही काही अप्रिय प्रश्न विचारले पाहिजेत. शाळा वाचवा म्हणून तहसीलवर मोर्चे नेणाऱ्या किती कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या समितीची बैठक पाहिली आहे? समितीचे सभासदत्व मिळते ते मूल त्या शाळेत असेल तर. कार्यकर्त्यांची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून जाऊ लागली, तेव्हाच समितीचे दार त्यांना बंद झाले आणि ती जागा मोकळी राहिली नाही. शेतमजूर बाईचे मूल त्या शाळेत आहे, ती सभासदही आहे. पण हिशेबाचे पुस्तक मागण्याचा अधिकार आपल्याला आहे हे तिला कोणी सांगितलेले नाही. मुख्याध्यापक सांगेल तेथे ती अंगठा उठवते. तिच्या शेजारी बसून अनुदानाचा आकडा वाचून दाखवील असा एक माणूस गावोगाव उभा करणे हे मोर्चाइतके दिमाखदार काम नाही. वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येत नाही.

कायद्याने या समितीच्या हाती एक हत्यार ठेवलेले आहे आणि ते बव्हंशी गंजत पडले आहे. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीने करावयाचा असून शासनाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार तोच असला पाहिजे. म्हणजे कोणत्या खोलीचे छत गळते, कोणते स्वच्छतागृह बंद आहे, मुख्याध्यापकाविना शिकवण्याचे किती दिवस बुडाले, हे त्यात आकड्यांनिशी लिहिता येते. आज बहुतेक ठिकाणी छापील नमुन्यातील रकाने भरून आराखडा तयार होतो, कारण तो कोणी वाचत नाही असे भरणाऱ्यालाही माहीत असते. पालकांच्या सभेत वाचून, अध्यक्षाच्या सहीने, आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तो पंचायत समितीत दाखल करावा आणि त्याची तारखेसह पोच घ्यावी. एका तालुक्यातील पन्नास शाळांच्या अशा पोचपावत्या एका फाईलीत असतील, तर पुढचे छत कोसळण्याआधी ती फाईल जिल्हाधिकाऱ्यापुढे ठेवता येईल आणि निधी नव्हता की मागणी नव्हती, हे त्याला लेखी सांगावे लागेल. पक्षाच्या तालुका शाखांनी ही मोजणी मार्चपूर्वी पुरी करावी.