कच्चं की किडकं?

गेल्या लेखात ओघाओघात 'ड्रम कोअर' हा शब्द येऊन गेला आणि दोघा-तिघांनी हे काय प्रकरण आहे म्हणून विचारलं. एका काकूंचा प्रश्न थेट होता, 'पहाटे साडेपाचला उठून लॅपटॉपवर ढोल कसले बघतेस?' म्हणून या महिन्याचं सदर त्या ढोलांनाच.

साडेपाचचं कारण साधं आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात संध्याकाळचे आठ वाजतात, तेव्हा इथे इंदूरला पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. जूनच्या शेवटी तिथे ड्रम कोअरचा हंगाम सुरू होतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपतो. ड्रम कोअर म्हणजे दीडशेच्या आसपास मुलामुलींचं पथक. तोंडाने फुंकायची पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे फिरवणारा 'कलर गार्ड', बस्स. बासरी, क्लॅरिनेट वगैरे नाही. फुटबॉलच्या मैदानावर चालत, पळत, आकृत्या करत दहा-बारा मिनिटांचा एक कार्यक्रम ते सादर करतात. वयाची मर्यादा साधारण २२ वर्षं. ढोल, ताशा आणि ध्वज घेऊन निघणारं आपलं पथक डोळ्यांसमोर आणलंत, तर अर्धं चित्र तयार झालं. उरलेलं अर्धं म्हणजे कवायतीची शिस्त आणि रंगभूमीवरचं नेपथ्य.

या स्पर्धा भरवणाऱ्या ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली झाली. २००९ पासून अंतिम फेरीचं ठिकाण इंडियानापोलिसचं लुकास ऑइल स्टेडियम. हंगामभर मुलं बसने गावोगाव फिरतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर पथारी टाकून झोपतात, दिवसा सराव करतात आणि रात्री स्पर्धेत उतरतात. वर त्यासाठी काही हजार डॉलर फीही भरतात. हे ऐकून आमच्या आईची प्रतिक्रिया होती, 'म्हणजे पैसे देऊन हाल.' तेही खरंच.

मला रस आहे तो परीक्षणात, आणि त्यातही जूनमधल्या परीक्षणात.

गुण शंभरातले. एकूण परिणामाला ४०, दृश्याला ३० आणि संगीताला ३०. परिणामाचे ४० दोन भागांत. दृश्य आणि संगीत यांचे प्रत्येकी तीन भाग, प्रत्येक भाग २० गुणांचा, आणि त्या साठाचे निम्मे केले की ३०. प्रत्येक भागाला वेगळा परीक्षक. प्रत्येक परीक्षक ढोबळमानाने दोन गोष्टी पाहतो: तुम्ही काय करायला घेतलंय, आणि ते किती जमलंय.

पूर्वी असं नव्हतं. १९८३ पर्यंत 'टिक' पद्धत होती. चूक दिसली की कागदावर एक खूण आणि एक दशांश गुण वजा. हातातून काठी सुटली, खूण. पाऊल चुकलं, खूण. १९८४ पासून ही पद्धत गेली आणि गुण वजा करण्याऐवजी उभारत नेण्याची पद्धत आली. माझ्या मते हा या खेळातला सगळ्यात मोठा बदल. चुका मोजणाऱ्या परीक्षकापुढे सोपं वाजवणारा सुरक्षित असतो. अवघड करायला घेणाऱ्यालाही मोल मिळायला लागलं, तेव्हा पथकं धाडस करायला मोकळी झाली.

आता जूनकडे येते. जूनमध्ये अव्वल पथकंसुद्धा सत्तर-पंचाहत्तर गुणांच्या घरात असतात. तीच ऑगस्टमध्ये सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवला पोचतात. याचा अर्थ जूनमध्ये ती वाईट असतात असा नाही. कार्यक्रमच पुरा झालेला नसतो. शेवटची दीड-दोन मिनिटं बसलेली नसतात, काही वेळा नेपथ्य आलेलं नसतं, काही वेळा पोशाखही. परीक्षकाला हे सगळं दिसत असतं आणि तरीही आकडा द्यायचा असतो.

हे आकडे घेऊन चाहते जे करतात ते मात्र मला पटत नाही. शनिवारी कॅलिफोर्नियात एका पथकाला ७२ मिळाले, त्याच रात्री ओहायोत दुसऱ्याला ७३, म्हणजे दुसरं पुढे! अहो, परीक्षक वेगळे, मैदान वेगळं, हवा वेगळी. जूनमध्ये पथकं आपापल्या भागात फिरत असतात. बहुतेक मोठी पथकं एका मैदानावर, एकाच परीक्षक मंडळापुढे येतात ती जुलैत, टेक्साससमधल्या सॅन अँटोनियोला. त्याआधीचा आकडा त्या रात्री त्या मैदानावर आलेल्यांची आपसांतली क्रमवारी सांगतो, त्यापलीकडे फारसं काही नाही. आणि शेवटी जिथे आकडा खरोखर बोलतो तिथे तो किती बारीक असतो पाहा: २००८ साली फँटम रेजिमेंटने ब्लू डेव्हिल्सना हरवलं ते ०.०२५ गुणांनी. १९९६, १९९९ आणि २००० साली तर अजिंक्यपद विभागून द्यावं लागलं.

मग जूनमध्ये बघायचं काय?

आंब्याचं बघा. अढीत घातलेली कैरी आंबट असते, तो तिचा दोष नव्हे, ती पिकणार आहे. पण कोयीला भुंगा लागला असेल तर अढीत कितीही ठेवा, उपयोग नाही. बाहेरून दोन्ही सारखीच हिरवी दिसतात. जूनमधल्या परीक्षकाचं काम हेच, कच्चं कुठलं आणि किडकं कुठलं ते ओळखणं. दीडशे मुलांचे पुढचे सहा आठवडे त्याच्या निदानावर खर्ची पडतात. ऑगस्टमधला परीक्षक फक्त क्रम लावतो. जूनमधल्या परीक्षकाच्या बोलण्याने कार्यक्रमच बदलू शकतो.

एक उदाहरण जरा तपशिलात देते, कारण यातलं गणित माझ्या पोटापाण्याच्या कामाच्या जवळचं आहे. फुटबॉलचं मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे सुमारे ९१ मीटर. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. म्हणजे या टोकाचा आवाज त्या टोकाला पोचायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ. मिनिटाला १८० ठोक्यांची लय असेल तर एक ठोका सेकंदाचा तिसरा हिस्सा. म्हणजे दोन टोकांचे वादक एकमेकांना ऐकून वाजवायला लागले, तर पाऊण ठोक्याने चुकणार! दोघेही बरोबर वाजवतायत, कान शाबूत आहेत, तरी एकत्र येत नाहीत.

यावर त्यांचा जुना नियम आहे: पुढच्याने मागचं ऐकायचं, मागच्याने पुढचं ऐकायचं नाही. मागचे ड्रम मेजरच्या हाताकडे बघून वाजवतात. त्यांचा आवाज पुढे येतो, पुढचे त्यात आपला मिसळतात, आणि दोन्ही मिळून प्रेक्षकांपर्यंत एकदम पोचतात. हे अंगात मुरायला महिना लागतो. म्हणून जूनमध्ये तुतारीवाले आणि ड्रमवाले मागे-पुढे झाले की मी फारशी नाक मुरडत नाही. ते कच्चं आहे. पण सगळ्यात जलद सुरावट नेमकी तेव्हाच आली, जेव्हा तुतारीवाले एका कोपऱ्यात आणि ड्रमवाले साठ यार्ड पलीकडे आहेत, तर मुलांना दोष देऊन काय उपयोग? ती मांडणीतली कीड. कागदावर आकृती काढणाऱ्याला सांगायला हवं, आणि ते जूनमध्येच. ऑगस्टमध्ये सांगितलं तर ती फक्त तक्रार.

दुसरी गोष्ट बास ड्रमची. पाच जण, पाच आकारांचे आणि पाच सुरांचे ड्रम. एकच ओळ पाच जणांत वाटलेली, एकेकाच्या वाट्याला एक-दोन ठोके. नीट जमलं तर एकच माणूस वाजवतोय असं वाटतं. यातला एक जण जरी घाबरत वाजवत असेल तर जूनमध्ये ते लगेच ऐकू येतं, आणि हे हमखास पिकतं. दर वर्षी.

पाय थकल्यावर पाठ वाकणं, झेंडा निसटणं, टोपी पडणं याबद्दल मी लिहीतही नाही.

आणि आता या पद्धतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. परीक्षक कार्यक्रम चालू असतानाच बोलत असतो आणि ते रेकॉर्ड होतं. पूर्वी कॅसेटवर, आता डिजिटल. तालवाद्यांचा परीक्षक तर कित्येक वर्षं प्रत्यक्ष मैदानात, धावत्या मुलांना चुकवत, कानाने एकेक वादक टिपत फिरत आला आहे. रेकॉर्डिंग पथकाला मिळतं, शिक्षक ते ऐकतात. स्पर्धेनंतर परीक्षक आणि शिक्षक समोरासमोर बसून वादही घालतात. आकडा पेपरात येतो, पण काम करतं ते रेकॉर्डिंग. 'इथे ताशेरे नीट नाहीत' असलं मोघम बोलणं तिथे चालत नाही. कुठल्या क्षणी, कोण, कशामुळे, हे बोलावं लागतं, आणि तेही कार्यक्रम पुढे पळत असताना. आम्ही कचेरीत एकमेकांचा कोड तपासतो तेव्हा 'हे बघ जरा' एवढंच लिहिणारे महाभाग असतात. त्यांना मी एक हंगाम या मैदानावर पाठवीन.

आपल्याकडच्या ढोल-ताशा स्पर्धांत मी काय पाहिलंय? परीक्षक मंचावर बसतात. शिस्त, वेशभूषा, ताल असे रकाने. बेरीज होते, शेवटी माइकवरून तीन नावं जाहीर. चौथ्या पथकाला आपण चौथे का, हे कधीच कळत नाही. पुढच्या वर्षी तीच मुलं तेच वाजवतात, फक्त जोरात.

म्हणून यंदा आपल्या पथकाच्या दादांनी 'एकदा सराव बघून जा' म्हटलं तेव्हा मी आनंदाने गेले. गणपतीला सहा आठवडे होते, म्हणजे आपला जूनच. शाळेचं मैदान, नुकताच पाऊस होऊन गेलेला, चिखल. चाळीस ढोल, बारा ताशे, झांजा, ध्वज. मी मैदानाच्या कडेने फिरत मोबाइलमध्ये बोलत राहिले, साडेनऊ मिनिटं. मुलांना आधी हसू आलं, मग विसरली.

वादाचा मुद्दा मला आधीच माहीत होता. मुलांनी यंदा एक नवा तुकडा बसवलाय. सगळे ढोल एकदम थांबतात, ताशांचे दोन गट सवाल-जवाब करतात, आणि मग सगळे ढोल एकाच ठोक्यावर पुन्हा येतात. तो एकच ठोका दर वेळी फुटत होता. काकामंडळींचं म्हणणं, 'काढून टाका, नेहमीचं वाजवा, गणपतीसमोर फजिती नको.' मुलांचे चेहरे पडलेले.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये दोन गोष्टी आहेत. पहिली, मधल्या भागात लय हळूहळू खाली येते. हात भरून येतात, टिपरू जड होतं. ते कच्चं, चार आठवड्यांत जाईल. दुसरी, ताशांचे दोन गट पथकाच्या दोन टोकांना उभे आहेत, मध्ये तीस मीटर. म्हणजे पलीकडचा आवाज जवळजवळ एक दशांश सेकंद उशिरा येतो. जलद तर्रीत तेवढ्या वेळात एक अख्खा ठोका होतो. दोन्ही गट एकमेकांचं ऐकून उचलतात, आणि मधल्या ढोलांनी नक्की कोणाचं ऐकायचं? हे कितीही सराव केला तरी जाणार नाही. पण तुकडा काढायची काहीच गरज नाही. दोन्ही ताशे मागे, शेजारी-शेजारी आणा, ढोल पुढे, आणि शेवटचा ठोका ध्वज खाली येताना बघून घ्या, ऐकून नाही.

काकांपैकी एक जण म्हणाले, 'ताशे मागे गेले तर मिरवणुकीत दिसणार कसे?' प्रश्न रास्त आहे. दोन टोकांचे ताशे दिसायला छानच दिसतात. स्पर्धेच्या मैदानासाठी एक रचना आणि मिरवणुकीसाठी दुसरी, असं मी सुचवलं. त्यावर अजून खल चालू आहे.

रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं तेव्हा ताशावरच्या दहावीतल्या मुलीचा पहिला मेसेज, 'ताई, ते सगळं ठीक आहे, पण गुण किती?'

मी ६१ लिहिलं. लगेच तीन रडक्या चेहऱ्यांच्या इमोजी. मग तिनेच रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं असावं, कारण रात्री अकराला विचारलं, 'पाचव्या मिनिटाला तुम्ही "डावीकडून तिसरा" म्हणालात तो कोण?' मी नाव सांगितलं नाही, तिला ते माहीत होतंच.

पुढचं रेकॉर्डिंग येत्या रविवारी सकाळी आठला आहे, पाऊस नसला तर.